देवमाशाच्या जिभेवर बोडिल

या देवमाशाच्या तोंडात निळी जीभ दिसतेय ना, ती मी. जन्माने माशांची पेटी, अस्सल प्लास्टिकची. बढती मिळून जीभ झाले, तेव्हा आता बोलणं आलंच.

कारखान्यातून मला डेन्मार्कमधल्या जटलंडच्या या बंदरात आणलं मच्छीमार आयनरने. माझ्या कडेवर त्याने तांबड्या रंगात आपल्या बोटीचं नाव लिहिलं, बोडिल. म्हणजे त्याची बायको. अक्षर इतकं वेडंवाकडं, की अख्ख्या किनाऱ्याने ओळखावं. नऊ वर्षं मी हेरिंग मासे वाहिले. वासाची सवय झाली. आयनरच्या गाण्याची शेवटपर्यंत झाली नाही.

एके दिवशी माझा कोपरा तडकला. आयनरने शिवी हासडली, लाथ घातली आणि मी समुद्रात! घरी मात्र सांगितलं, वादळात वाहून गेली.

अकरा वर्षं मी लाटांवर हेलपाटे घातले आणि शेवटी आमच्याच वाळूवर येऊन पडले. तिथून मला तोवेबाईंनी उचललं. बाई शाळेत चित्रकला शिकवायच्या. समुद्रातल्या प्लास्टिकबद्दल त्यांनी तीन वर्षं भित्तिपत्रकं लावली. लोकांनी त्यांवर हरवलेल्या मांजरांच्या जाहिराती चिकटवल्या. मग बाई इरेला पेटल्या आणि किनाऱ्यावरचा कचरा गोळा करून त्यांनी हा बारा मीटरचा देवमासा उभा केला.

अनावरणाला भाषण कुणाचं? गावातला सगळ्यात जुना मच्छीमार म्हणून आयनरचं! देवमासा कापडाखाली झाकलेला, आणि त्याच्या तोंडात मी.

"आपला माणूस समुद्रात काडी टाकत नाही," आयनर छाती काढून म्हणाला. "हा सगळा कचरा जर्मनांचा!" टाळ्या पडल्या. त्याने ऐटीत दोरी ओढली, कापड घसरलं, आणि त्याच्यासमोर मी, नावासकट.

पहिल्या रांगेतून बोडिल म्हणाली, "आयनर, मी जर्मन कधी झाले रे?"

गाव खो खो हसलं. आयनरचा चेहरा उकडलेल्या खेकड्यासारखा झाला. "ते... त्या वादळात..."

लोकांनी मानलंही असतं. आमच्याकडे वादळांना काय तोटा? पण बोडिल त्याच्याकडे नुसती बघत राहिली. चव्वेचाळीस वर्षांचा संसार. आता हा तिच्या तोंडावर पुन्हा खोटं बोलणार, या विचाराने मला खरंच रडू येत होतं.

"वादळ नव्हतं," तो शेवटी पुटपुटला. "मीच टाकली. लाथ मारून."

"माझं नाव असलेली?"

"हो."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो निळ्या रंगाचा डबा घेऊन नाव पुसायला आला. बोडिल आधीच घडीची खुर्ची मांडून उभी.

"पुसायचं नाही. इथे बसायचं आणि विचारील त्याला खरं सांगायचं."

"किती दिवस?"

"मी बस म्हणेपर्यंत."

पहिला आठवडा तो टोपीत तोंड खुपसूनच बोलला. आता रंगात येऊन सांगतो; लाथ तर रोज वीतभर उंच जाते. भित्तिपत्रकांकडे ढुंकून न बघणारं गाव हल्ली देवमाशात आपापल्या वस्तू शोधतं. बेकरीवाल्याला शेपटीत स्वतःची बादली सापडली. दोन दिवस तो या वाटेला फिरकला नाही. मला मात्र दोष देऊ नका हं. मी आपणहून उडी मारली नव्हती.

काल एक जर्मन जोडपं आलं. आयनर उठला, टोपी काढली. "माफ करा. मी तुमच्यावर खोटा आळ घेतला."

गृहस्थ मोठ्याने हसला. मग देवमाशाचा डोळा म्हणून लावलेल्या झाकणाजवळ वाकला.

"हे झाकण," तो हळूच म्हणाला, "आमच्या गावच्या डेअरीचं. मी तिथेच कामाला होतो."

आयनरने आपली खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा."