पंखा अडकला म्हणे!

मी पंखा बोलतोय. छताला लटकून वारा घालणारा नव्हे. पांडेसऱ्यातल्या एका गुजराती शेठच्या कारखान्यात, टाकीच्या पोटात अकरा वर्षं फिरलेला, तीन पात्यांचा पंखा. शाळा मी पाहिली नाही. काम पाहिलंय.

टाकीत दुधासारखं लॅटेक्स असायचं. त्यात डोळ्यांना न दिसणारे कण. ते तापवून मिठाचं पाणी थेंब थेंब सोडलं की कण एकमेकांना चिकटून वाढतात. मी एका चालीने फिरतो, म्हणून सगळे एका मापाचे होतात. माप भरलं की साबणाचं पाणी घालून वाढ थांबवायची. मग माल साड्यांच्या छपाईला जातो. काम दोन तासांचं. पण माणसाला तेवढा दम कुठला?

चिंधा माझा कारागीर. धुळ्याकडचा. काचेवर थेंब पसरून भिंगातून बघायचा आणि छाती फुगवून म्हणायचा, "हात बसलाय आपला!" हात याचा, आणि फिरायचो मी.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आदल्या दिवशी त्याचं सगळं लक्ष घड्याळात. पाचला उधन्याहून गावची बस. लेक योगिता सासरहून माहेरी येऊन बापाची वाट बघत होती. साडेचार वाजले आणि त्याने मिठाच्या पाण्याची बादली उचलून अख्खी ओतली.

"चिंधाभाऊ, धीरे टाक ना!" हाताखालचा सुकलाल ओरडला.

"गप रे! बस तुना बाप थांबाडी का?"

बघता बघता सगळ्याचा खरवस झाला. मी त्यात जखडलो. मोटर जळाली.

शेठ धावत आला. "आ शुं थयुं?"

आता टाकीपासून एकजण जाणार होता. चिंधा, नाहीतर मी.

"सेठ, पंखा अटक गया," चिंधा म्हणाला. "पुराना हो गया है."

सुकलाल रिकामी बादली धुवायला लागला. त्यालाही तीच बस धरायची होती.

"काढी नाखो," शेठ म्हणाला. काढून टाका म्हणे!

झालं. गोळा खरवडून मला कुंपणाशी फेकलं. चिंधा गावाहून सांजोऱ्या घेऊन आला, सगळ्यांना वाटल्या. नव्या पंख्यावर तो आता मिठाचं पाणी थेंब थेंबच सोडतो. म्हणजे चूक कोणाची, ते त्याला पक्कं ठाऊक आहे.

उद्या भंगारवाला येईल. मला वितळवा, खिळे करा, तवा करा. माझी तक्रार नाही. फक्त त्याआधी चिंधाने एकदा इथे यावं आणि माझी पाती हाताने चाचपावीत. एकही वाकलेलं नाही.

म्हणूनच तो येत नाही.