सिंहासन आणि द्वारकाकाकीची वाट

मित्रांनो, मी एक जुनं सिंहासन आहे. नावाला भिऊ नका. माझ्यापायी कधी लढाई झाली नाही की कुणाचं डोकं उडालं नाही. जूचंद्रच्या अलीकडे एक पाडा आहे, तिथल्या नाट्यमंडळाच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी राहतो. वर्षभर माझ्यावर चादर, आणि जत्रेच्या दिवशी राजा.

मला घडवलं सॅन्टन मेस्त्रीनं. तो वसईकडचा सुतार. ख्रिस्ती देवळांतल्या वेद्या घडवण्यात त्याचं आयुष्य गेलेलं, राजा त्यानं जन्मात पाहिला नव्हता. त्यानं हाताला ठाऊक होतं तेच कोरलं. हातांवर द्राक्षांचे वेल आणि पाठीवर पंख पसरलेलं कबूतर. मंडळाची माणसं न्यायला आली तेव्हा एक जण म्हणाला, "अरे मेस्त्री, सिंहासनाला सिंह कुठाय?"

"सिंह मी बघितला नाय," सॅन्टन तासणीची धार बोटानं बघत म्हणाला. "कबूतर रोज बघतो. नको असेल तर ठेवा हितंच."

त्यांनी मला तसंच उचललं. पाठीवर शांतीचं पाखरू घेऊन मी राजांचा भार वाहू लागलो.

आमच्या पाड्याची एक रीत होती. जत्रेच्या संध्याकाळी, तिसरी घंटा व्हायच्या आधी, नाटकातला राजा मुकुट घालून माझ्यावर बसे. मग गावातलं एक अडलेलं भांडण त्याच्यापुढं मांडलं जाई. तो निवाडा देई आणि दोन्ही घरं तो पाळत. आणि राजा कोण? तर पहिल्या नाटकात जो राजा झाला, त्याच्या घरातलाच. बापामागून मुलगा. कुणी ठरवलं नव्हतं, म्हणून कुणी मोडलंही नव्हतं.

खोटं कशाला बोलू, पहिला राजा गुणी होता. बांधावरच्या आंब्यावरून दोन भाऊ हातघाईवर आले, तेव्हा त्यानं सांगितलं, "झाड दोघांचं. आंबे आधी पोरांचे, उरतील ते तुमचे." पोरं एक आंबा उरू देईनात, आणि भावांचं भांडण हसण्यात विरघळलं. त्या दिवशी मला वाटलं, आपण लाकूड नाही, आपण आधार आहोत.

त्याच्यामागून मुलगा आला, तुळशीदास. काय आवाज होता त्याचा! तो "कोण आहे रे तिकडे" म्हणाला की खाडीवरचे बगळे उडत. नाटकात त्याचा हात धरणारा पंचक्रोशीत कुणी नव्हता. आणि घात तिथंच झाला.

त्या वर्षी भांडण आलं द्वारकाकाकीचं. ती भाजी पिकवायची आणि पाटी डोक्यावर घेऊन नायगावच्या बाजारात विकायची. तिच्या मळ्यातून बाजाराकडे जायची पायवाट तुळशीदासच्या चुलतभावाच्या जागेतून जात होती. त्याला तिथं भिंत घालायची होती. काकी म्हणाली, "वाट माज्या सासूच्या सासूपासूनची हाय. ती बंद झाली त मना मोठ्या रस्त्यानं जावा लागंल. तिथं डंपर पलतान."

तुळशीदास विचार करायला डोळे मिटून बसला. पण अंगात चिलखत, डोक्यावर मुकुट, समोर हजार डोळे. त्यानं डोळे उघडले आणि तोंडातून निघालं ते नाटकातलंच वाक्य: "या राज्याची सीमा अभेद्य राहील!"

मांडव टाळ्यांनी फाटला. शिट्ट्या पडल्या, कुणी टोपी उडवली. टाळी पडली म्हणजे निवाडा पक्का, अशी आमच्याकडची समजूत. आठवड्याभरात भिंत उभी राहिली.

तुळशीदासला चूक कळली नसेल असं नाही. पण टाळी परत घेणारा राजा कुणी पाहिला आहे? तेव्हापासून द्वारकाकाकी डंपरच्या धुळीतून पाटी नेऊ लागली. एकदा तिच्या पाठीमागं गाडीनं इतका कर्कश ब्रेक मारला, की पाटीतली वांगी रस्ताभर गडगडली. तिनं ती एकेक वेचली आणि येताना शेडसमोर उभी राहून गाणं म्हटलं:

"राजा बोलला गो, मांडव डोलला,
माज्या वाटंचा कवाड कुनी ना खोलला."

बायका लग्नाच्या हळदीलाही ते म्हणू लागल्या. मी चादरीखाली ऐकत असे.

यंदा तुळशीदासचे गुडघे थकले. त्याचा मुलगा विपुल आचोळ्याला फ्लॅट घेऊन राहतो, मुंबईला नोकरीला जातो. यंदा राजा तोच, असं ठरल्यासारखंच होतं. तेव्हा मंडळाच्या बैठकीत गावातली जागृती उभी राहिली. ती शाळेत नागरिकशास्त्र शिकवते.

"तुळशीकाका, देशातले राजे कधीच गेले. आपल्या पाड्यात कशाला ठेवायचा?"

"बाय, जगात अजून मोठे मोठे देश राजे ठेवून हायेत," तुळशीदास म्हणाला. "अडानी हायेत का ते? निवडून आलेला मानूस अर्ध्या गावाचा असतो. उरलेला अर्धा गाव पाच वर्षं दात खात बसतो. मना कोनी मत दिला नाय, म्हनून मी सगल्यांचा."

मित्रांनो, त्याचं म्हणणं अगदीच पोकळ नव्हतं. भांडणाच्या वर काहीतरी हवं, जिथं सगळ्यांनी एकत्र मान वर करून बघावं.

जागृती म्हणाली, "मग भांडण घेऊन येऊ दे कुणाला. राजा सगळ्यांचा आहे का, बघूया."

जत्रेची संध्याकाळ आली. विपुल मुकुट सावरत माझ्यावर बसला. मुकुट त्याला मोठा होत होता, पण ते सोडा. भांडण घेऊन पुढं आली द्वारकाकाकी.

"तेच भांडन. तीच भिंत. तू सांग आता."

पहिल्या रांगेत तुळशीदास काठी टेकून बसलेला. विपुल हळू म्हणाला, "काकी, बाबांचा शब्द आहे तो. मी कसा मोडू?"

"चूक व्हता का बरोबर, येवढाच सांग."

विपुलनं बापाकडे पाहिलं.

"बग," काकी म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, उलट मऊ झाला. "तू वाईट नाय रं. पन बापाचा न्याय पोराला करता येत नाय. म्हनून त पोराला हितं बसवू नये."

टाळी पडली नाही.

विपुलनं मुकुट काढला, मांडीवर ठेवला, आणि तो उठला. "मी उठतो, काकी," तो म्हणाला. "इथं बसून मला खरं बोलता येत नाही." खाली माणसांत येऊन उभा राहिला तेव्हा म्हणाला, "भिंत चूक आहे."

मी रिकामा राहिलो. माझ्या रिकामेपणाकडे बघत जागृतीनं विचारलं, "वाट उघडावी असं कुणाकुणाला वाटतं?" एक हात वर झाला, मग दहा, मग मोजायची गरज उरली नाही. भिंतवाला चुलतभाऊ पुटपुटला, "दरवाजायेवढी जागा सोडतो. पन भाजी स्वस्तात दे." मांडव हसला.

तुळशीदास तेवढा हात खाली ठेवून बसला होता. काकी त्याच्यापाशी गेली. "तुलशी, रुसू नको. नाटकात तूच राजा र्‍हा. तिथं तुज्यासारका कोन नाय."

"गुडघं गं..." तो म्हणाला.

"बसून त बोलायचा हाय!"

त्या रात्री तो बसून बोलला, आणि बगळे उडाले.

आता मित्रांनो, लाकडाचं ऐका. राजा ठेवावा की काढावा, असा वाद तुमच्या वर्गात होईल तेव्हा माझी साक्ष काढा. सगळ्यांनी मिळून बघायला एक खूण हवी, हे मला मान्य आहे. पण त्यासाठी मी पुरतो. माझ्यावर अमक्याच्या पोटी जन्मलेलं माणूस कशाला हवं? आसन ठेवा, वारसा काढा. मला पुसा, पावसाआधी तेल लावा, वाळवीपासून जपा. पण मला ओवाळू नका. आणि माझ्याहून जास्त जपा ती हिंमत, जी बसलेल्याला समोर उभं राहून विचारते.

परवाच भर दुपारी शेड झाडायला उघडली होती. उघडलेल्या वाटेनं द्वारकाकाकी बाजारातून परतत होती, पाटी रिकामी, पाय शिणलेले. आत आली आणि सरळ माझ्यावर बसली. पदरानं वारा घेत तिनं डोळे मिटले. इतका हलका आणि इतका खरा भार मी कधी वाहिला नव्हता.

जागृती केरसुणी घेऊन आली. "काकी, उठा. इथलं झाडायचंय."

"उटते गो बाय," काकी म्हणाली, आणि उठली.