शिकायला या, चहा मी पाजीन

मी एक जुनी वेबसाइट आहे. माझा रंग उडालेला नाही, मला गंज चढलेला नाही, माझ्यावर धूळही बसत नाही, त्यामुळे मी जुनी झाले हे सांगूनही कुणाला पटत नाही. पण मित्रांनो, जिच्या दारात कुणी फिरकत नाही ती म्हातारीच समजायची. पनवेलजवळच्या विचुंबे गावाचा पत्ता माझ्या पहिल्या पानावर आहे आणि त्या पत्त्याच्या वर भामाबाईंचं नाव आहे. त्यांच्यासाठीच माझा जन्म झाला.

भामाबाई धवलारीण होत्या. तुमच्यातल्या काहींनी हा शब्द ऐकला नसेल. आगरी घरातल्या लग्नाचे विधी धवलारीण गाणी गाऊन पार पाडते, त्या गाण्यांना धवला म्हणतात. मांडवात सगळ्यात आधी देवांना आवतण द्यायचं असतं. गावोगावचे देव वेगळे, त्यांना हाक मारायचा क्रम वेगळा, त्यामुळे एका गावचा धवला दुसऱ्या गावाला चालत नाही. भामाबाईंना विचुंब्याचा आणि भोवतालच्या थोड्या गावांचा धवला तोंडपाठ होता. त्यांना मूलबाळ नव्हतं आणि शिकायला कुणी येत नव्हतं. आपल्यामागे हे कोण गाणार, ही चिंता त्यांना आतून खात होती.

खांदा कॉलनीत राहणारा प्रणित हा त्यांच्या भावाचा मुलगा. संगणकाचं शिकून तो नुकताच कामाला लागला होता. त्याला आत्याची फार माया. एका दुपारी तो लॅपटॉप घेऊन तिच्या ओटीवर बसला आणि म्हणाला, "आत्या, तू बोल, मी लिहितो. जगभर दिसेल."

भामाबाई तांदूळ निवडत होत्या. सूप बाजूला ठेवून त्या म्हणाल्या, "मना जो येतो तोच लिव. येत नाय तो लिवू नको."

आणि त्या सांगत गेल्या. कुठल्या गावी कुठल्या देवापासून सुरुवात करायची, कुणाला मागाहून बोलवायचं, कुठल्या देवाला कुठल्या शब्दांत हाक मारायची, वेशीवरच्या देवाला विसरलं तर घरातल्या बाया कशा नाराज होतात, असं सगळं. प्रणितने एकही शब्द गाळला नाही. शेवटी त्याने विचारलं, आणखी काही लिहू का? त्या म्हणाल्या, पोरींना सांग, शिकायला या म्हणावं, चहा मी पाजीन. प्रणित हसला, पण त्याने तेही लिहिलं, आणि माझ्या अगदी माथ्यावर ठेवलं. माझं रूप यथातथाच होतं. अक्षरं बारीक, रंग भडक, फोटोत भामाबाई कॅमेऱ्याकडे न बघता भलतीकडेच बघताहेत. तरी मी स्वतःवर खूश होते.

मित्रांनो, तुम्ही फोनवर काही शोधता, तेव्हा शोधयंत्र क्षणात एक यादी तुमच्यासमोर धरतं. त्या यादीत वर कोण आणि खाली कोण, याचे त्याचे नियम असतात. ते अधूनमधून बदलतात, त्या बदलाला अपडेट म्हणतात. नेमकं काय बदललं हे शोधयंत्र धड सांगत नाही. आम्हा वेबसाइटना मात्र एका सकाळी कळतं, की काल आपण वर होतो आणि आज कुठेच नाही.

सुरुवातीची वर्षं माझी चांगली गेली. धवल्याबद्दल एवढं सविस्तर दुसऱ्या कुणी लिहिलंच नव्हतं, म्हणून काही न करता मी वर होते. माणसं थोडीच यायची, पण येत ती थांबायची. कुणी नवरीचा भाऊ, कुणी परदेशी गेलेली सून, सगळं पान वाचून मग भामाबाईंना फोन करायची. भामाबाई प्रत्येकाला आधी गाव विचारत. त्या गावचा येत नसेल तर तसं सांगून टाकत आणि ज्या बाईला येतो तिचं नाव देत. एकदा प्रणित म्हणाला, आत्या, धवला रेकॉर्ड करू आणि साइटवर टाकू. त्यावर त्या चिडल्याच.

"समोर शिकणारी पोरगी बसंल तर गाईन. डब्यासमोर नाय."

तेवढा एक हट्ट त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही. आज वाटतं, कुणीतरी त्यांची समजूत घालायला हवी होती.

मग एक अपडेट आला आणि फोनवर नीट दिसत नाहीत अशा वेबसाइट खाली गेल्या. माझी अक्षरं फोनवर मुंगीएवढी दिसायची, म्हणजे शिक्षा काही अन्यायाची नव्हती. प्रणितने मला फोनजोगतं करून घेतलं. पण तोवर लग्नाचे ठेके घेणाऱ्यांच्या चकचकीत वेबसाइट वर जाऊन बसल्या होत्या. भामाबाईंचा फोन वाजेनासा झाला. त्या बोलून दाखवत नव्हत्या, नुसत्या फोनकडे बघत बसायच्या. प्रणितला ते बघवेना. तो भावेशकडे गेला.

भावेशचं खांदा कॉलनीत, एका केकच्या दुकानावर छोटं ऑफिस होतं. वेबसाइट वर आणून देणं हाच त्याचा धंदा, ज्याला ऑप्टिमायझेशन म्हणतात. माणूस वाईट नव्हता, घाईचा होता. मला वरून खालून बघून तो म्हणाला, "प्रणित, हे कोण वाचणार रे? लोक गावाचं नाव टाकून सर्च करतात. प्रत्येक गावाचं वेगळं पान पाहिजे आपल्याला."

"पण आत्याला सगळ्या गावांचं येत नाही."

"मशीनला काय कळतंय? गाणं ते गाणं."

मग माझं जे झालं ते आठवलं की अजून कसंतरी होतं. भावेशने एक मजकूर बनवला, त्यात गावाच्या नावाची जागा रिकामी ठेवली आणि ती जागा भरत गेला. विचुंब्यातील सर्वोत्तम धवलारीण. द्रोणागिरीतील सर्वोत्तम धवलारीण. पनवेलपासून उरणपर्यंत एक गाव त्याने सोडलं नाही. भामाबाईंचे देव आणि त्यांचे क्रम त्याने लांबट म्हणून काढून टाकले. जाता जाता माझ्या माथ्यावरच्या ओळीवर त्याचं बोट आलं. "शिकायला या? हे कोणीच सर्च करत नाही," तो म्हणाला, आणि ती ओळ गेली. प्रणितला आत्याचा न वाजणारा फोन आठवला आणि त्याने मान डोलावली.

आणि खरं सांगू, युक्ती चालली. मी सगळ्यांच्या वर पोचले. माणसांची रीघ लागली, भामाबाईंचा फोन पुन्हा वाजू लागला आणि प्रणित पेढे घेऊन विचुंब्याला गेला. मित्रांनो, मांडवातली गर्दी कुणाला आवडत नाही? मलाही आवडली. फक्त आता येणारी माणसं थांबत नव्हती. दारातून डोकावायची, नंबर घ्यायची आणि निघून जायची.

त्या गर्दीत एक मुलगी आली होती. तिने शोधलं होतं, धवला शिकवणारं कुणी आहे का. ती माझ्या पहिल्या पानावर आली, वरपासून खालपर्यंत गेली, पुन्हा वर आली. तिला जे हवं होतं ते तिथे नव्हतं. तिच्यामागे मला धावता आलं असतं तर मी धावले असते.

त्याच हंगामात उरणजवळच्या द्रोणागिरीकडच्या एका गावातून भामाबाईंना हळदीचं बोलावणं आलं. बोलणाऱ्याने त्यांना गाव विचारायची संधीच दिली नाही. गाडी पाठवतो, साइटवर सगळं वाचलंय, म्हणाला. भामाबाईंना वाटलं, वाचलंय म्हणजे आपल्याला कुठल्या गावांचा धवला येतो ते कळलंय. मांडवात पोचल्यावर त्यांनी घरातल्या जुन्या बायांना गावाचे देव विचारले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं. नवऱ्या मुलाची आजी वेणूबाई पुढे बसल्या होत्या.

"तुमचे गावाचा मना येत नाय, बाय," भामाबाई म्हणाल्या.

"मंग येतो म्हणून लिवलंस कशाला?"

"मी काय लिवलं?"

घरातल्या एकाने फोन काढून सगळ्यांदेखत वाचून दाखवलं. त्यात भामाबाईंचं नाव होतं, भलतीकडे बघणारा त्यांचा फोटो होता आणि त्या गावातली सर्वोत्तम धवलारीण असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं. ते वाचणाऱ्याच्या हातात मीच होते, म्हणून मला हे सगळं ठाऊक आहे. वेणूबाई त्यांना टाकून बोलल्या नाहीत. "बस बाय, पानी पी," एवढंच म्हणाल्या. ते जास्त लागलं. जन्मभर मांडवात मान वर करून बसलेली बाई त्या दिवशी खाली मान घालून उठली. हळदीला शेवटी स्पीकरवरची गाणी लावली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्रणितला बोलावून घेतलं आणि मला पहिल्यापासून वाचायला लावलं. प्रणित वाचत गेला. गाव बदलत होतं, बाकी सगळं तेच होतं. भामाबाईंनी त्याला मध्ये थांबवलं.

"माझी वल कुठं हाय? शिकायला या म्हटलेली?"

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या उठल्या आणि आत जाऊन पडल्या. त्यानंतर त्यांनी कुणाच्याही लग्नाचं बोलावणं घेतलं नाही.

प्रणितने मला पूर्ववत करायला घेतलं, तेवढ्यात पुढचा अपडेट आला. या वेळचा नियम असा होता, की नुसतं वर येण्यासाठी एकच मजकूर फिरवून फिरवून लिहिणाऱ्या वेबसाइटना तळाशी टाकायचं. भावेश म्हणाला होता, मशीनला काय कळतंय. मशीनला कळलं. जे वेणूबाईंना मांडवात कळलं होतं तेच त्याला उशिरा कळलं, आणि मी अशी खाली गेले की माझं नाव अचूक लिहिल्याशिवाय मी सापडेना. भावेशने नवे उपाय सुचवले. प्रणितने पहिल्यांदाच त्याला नको म्हटलं. त्याने गावोगावची खोटी पानं काढली, भामाबाईंचे देव त्यांच्या क्रमाने परत आणले आणि ती ओळ पुन्हा माझ्या माथ्यावर ठेवली. पण मित्रांनो, पडायला एक सकाळ पुरते. शोधयंत्राचा विश्वास पुन्हा बसायला किती काळ लागेल, हे कुणी सांगू शकत नाही. मी वाट बघत राहिले. भामाबाईंना तेवढा वेळ नव्हता. पाऊस संपता संपता त्यांना न्यूमोनिया झाला आणि त्यातच त्या गेल्या.

त्यानंतर बऱ्याच महिन्यांनी कुठलासा अपडेट आला आणि मी हळूहळू वर सरकले. एका दुपारी प्रणितला माझ्यामार्फत निरोप आला. समीक्षा नावाची मुलगी, द्रोणागिरीला गोदामाच्या ऑफिसात नोकरी करणारी. तिने लिहिलं होतं, शिकायला यायचं आहे, कधी येऊ? मी तिला ओळखलं. एकदा येऊन रिकाम्या हाताने गेलेली तीच ती.

प्रणितने तिला फोन करून भामाबाई नाहीत हे सांगितलं. मग ती म्हणाली, "मी मागेच आले होते हो साइटवर. मला वाटलं कुठली तरी कंपनी आहे."

तरीही ती आली. प्रणितने आत्याचं घर उघडलं, त्याच ओटीवर तिला बसवलं आणि स्वतः चहा केला. लॅपटॉपवर मला उघडून त्याने तिला सगळं वाचून दाखवलं, पहिल्या देवापासून शेवटच्या देवापर्यंत. समीक्षा मान खाली घालून ऐकत होती. वाचून झाल्यावर तिने विचारलं, "आणि हे गायचं कसं?"

प्रणितने लग्नांचे जुने व्हिडिओ लावून बघितले. त्यांत बँड होता, भामाबाईंचे हलणारे ओठ होते. चाल ऐकू येत नव्हती. माझ्याजवळ शब्द आहेत, मित्रांनो, सगळे आहेत, त्यांनी सांगितले तसेच आहेत. चाल माझ्याजवळ नाही.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. उद्या तुम्ही माझ्यासारखं काही बनवाल, तेव्हा जे येतं तेच लिहा, येत नाही ते लिहू नका. शोधयंत्राचे नियम बदलत राहणार, त्यांच्यामागे धावू नका. शोधणारं एखादंच माणूस असतं, पण ते खरंच शोधत असतं. आणि तुमच्या घरी, आळीत कुणी गात असेल तर आजच जाऊन त्यांच्यासमोर बसा.

प्रणितने माझ्यावरची ती ओळ अजून काढलेली नाही. येणारे ती वाचतात आणि खालच्या नंबरवर फोन लावतात. आता तो नंबर प्रणितचा आहे.