विल्माची साक्ष

वेस्ट व्हर्जिनियातल्या त्या खाणगावात सरकारी अपंगत्व-भत्त्यासाठी लोरेटाची सुनावणी होती. मनाच्या दुखण्यानं हातून काम होत नाही, हे परक्याला दिसत नाही, म्हणून साक्षीला तिनं सख्खी बहीण विल्मा नेली.

"ही घरात काय करते?" जजनं विचारलं.

विल्मा ताठ बसली. "साहेब, आमच्यात कुणी ऐतखाऊ नाही. चर्चच्या जेवणाचे केक हीच करते."

खरं तर केक विल्माच करायची आणि लोकांत बभ्रा नको म्हणून लोरेटाचं नाव सांगायची.

बाहेर येताच लोरेटा म्हणाली, "केसानं गळा कापलास गं माझा!"

"मग घरातलं वेड चव्हाट्यावर मांडू?" विल्मा फणकारली आणि लोरेटाच्या कोटाची बटणं रोजच्यासारखी स्वतःच लावू लागली.