हिरव्या डब्याच्या पोटातला कागद

नाक दाबू नका, कालच मला साबणाने धुतलंय. मी घड्याळजींच्या, म्हणजे सगळं घड्याळाच्या काट्यावर करणाऱ्या आमच्या घरमालकांच्या, दारातला कचऱ्याचा डबा बोलतोय. रंग हिरवा, एक कान तुटका. धुतल्यापासून जिवाला थारा नाही, म्हणून बोलतोय. एरवी माझ्यासारख्याने झाकण लावून बसावं हेच बरं.

कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो तेव्हा मला वाटलं होतं, कुणीतरी आपल्यात पिण्याचं पाणी भरेल. पण मला विकत घेतलं शिट्टीकाकांनी, म्हणजे कचरा नेणाऱ्या काकांनी. गल्लीत शिरताना शिट्टी वाजवतात, म्हणून हे नाव. आमच्याकडे कचरा कुणाला द्यायचा हे ज्याचं त्याने ठरवायचं. तिघं जण येतात आणि प्रत्येकाच्या डब्यांचा रंग वेगळा. हिरवे डबे काकांचे. तेव्हा काका गेले की मीही गेलोच. या दारात मला नऊ वर्षं झाली.

काकांची एक खोड आहे. ते मला थेट गाडीत उपडा करत नाहीत. आधी ताडपत्रीवर ओततात, हाताने चाळतात, मग भरतात. बाकीचे दोघे हसतात, "काका, खजिना सापडला का?" तर सापडतोही कधी कधी. घड्याळजींच्या आईंनी स्वतःची कवळी कागदात गुंडाळून ठेवली आणि स्वतःच माझ्यात टाकली, तेव्हा ती काकांनीच परत आणून दिली. आजी अजून जेवताना त्यांचं नाव काढतात.

मागच्या महिन्यात नगरपालिकेचा कागद घरोघर आला. सगळ्या गल्लीला एकच गाडी लावायची का? ज्यांना ती हवी, त्यांनी खूण करून, सही करून शुक्रवारी पाचच्या आत कागद कचेरीत पोचवायचा. ज्यांचा कागद येणार नाही, त्यांना जुनीच पद्धत हवी असं धरणार. निम्म्याहून जास्त घरांनी गाडी मागितली, तर काकांचं काम बंद आणि आम्ही डबेही बाद.

घरात वाजलं.

"तीन गाड्या, तिघांच्या तीन वेळा, रस्ता कायम अडलेला," घड्याळजी म्हणाले. "एक गाडी, ठरलेली वेळ. झालं!"

"आणि काकांनी काय करायचं?" बायकोने विचारलं.

"नगरपालिका घेईल की कामावर."

"त्या वयाच्या माणसाला कोण घेतंय! काहीतरीच तुमचं."

घड्याळजींनी गाडीच्या चौकटीत खूण केली आणि सही ठोकली. त्यांचंही अगदीच चुकत होतं असं नाही. तीन गाड्यांचा धूर माझ्याच तोंडावर येतो. पण त्या एका खुणेत काकांबरोबर मीही बाद होत होतो.

शुक्रवारी सकाळी आजी वाटाणे सोलायला बसल्या. टेबलावर दिसेल तो कागद ओढायचा, त्यावर टरफलं टाकायची, पुरचुंडी करायची आणि माझ्यात सोडायची, ही त्यांची जुनी सवय. चष्मा कधी जागेवर नसतोच. पुरचुंडी पडली आणि सहीचं टोक बघून मी ओळखलं. तोच कागद!

आता हा कचेरीत पोचणार नाही, एक घर तरी काकांच्या बाजूला राहणार. मला आनंद झाला आणि भीतीही वाटली, कारण मला काकांची खोड माहीत होती.

शिट्टी वाजली. ताडपत्री पसरली. काकांनी पुरचुंडी सोडली, टरफलं झटकली आणि त्यांचा हात थांबला. ओठ हलवत त्यांनी सगळा कागद वाचला. गाडीच्या चौकटीतल्या खुणेवर अंगठा टेकवला. टाका ना काका, मी मनातल्या मनात ओरडत होतो, टाका गाडीत, कुणाला कळणार आहे!

काकांनी कागद शर्टाला पुसला आणि बेल वाजवली.

दार घड्याळजींनीच उघडलं. कागद बघताच त्यांचा चेहरा उतरला.

"वाचलात?"

"वाचला."

"मग आणून कशाला दिलात?"

"तुमची सही आहे त्यावर. हा कचरा नाही, साहेब. कचरा असता तर नेला असता."

काका पुढच्या घराकडे वळले. मला स्वतःचीच लाज वाटली. नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काढून मी काय शिकलो होतो?

साडेचारला घड्याळजी तो कागद खिशात घालून बाहेर पडले. परत आल्यावर बायकोने विचारलं, "काय केलंत?" त्यांनी बादली आणली, बाह्या वर केल्या आणि मला घासायला बसले. नऊ वर्षांत पहिल्यांदाच.

तेव्हापासून मी घाबरलोय. माणसं एखादी वस्तू इतकी मन लावून धुतात ती एक तर ठेवायची असते म्हणून, नाही तर परत करायची असते म्हणून. यातलं माझ्या वाट्याला काय आलंय ते सोमवारी कचेरीच्या फळ्यावर लागेल.

त्यानंतर सकाळी शिट्टी वाजेल की गाडीचा भोंगा, मला ठाऊक नाही. जो कोणी मला उचलेल त्याला एवढंच सांगणं आहे, बाबा रे, ओतण्याआधी एकदा आत बघ. या घरातली माणसं टाकू नये ते टाकून बसतात.