राबियाच्या मागाला जागा

रस्ता रुंद करायचा म्हणून जुन्या शहरातली इतवाऱ्याची गल्ली पाडली, तेव्हा सोजरबाई रडली नाही. घराच्या भिंती बारमाही ओल्या, पावसाळ्यात गटार उंबऱ्याला लागायचं. आता लालबागच्या पलीकडे, जिथे काल-परवापर्यंत केळीच्या बागा होत्या, तिथे पक्कं घर मिळत होतं. नळ घरात, संडास घरात. "सुपडू असता तर हरखला असता," ती मुलाला, जीवनला म्हणाली. नवऱ्याचं नाव ती तो गेल्यावरच घ्यायला लागली होती.

घरं चिठ्ठ्या टाकून वाटली. वसाहतीचा आराखडा करणाऱ्या निशाताईंचा तसा आग्रहच होता. या जातीची आळी इकडे, त्या धर्माचा मोहल्ला तिकडे, असं नव्या जागी तरी नको. सगळी माणसं मिसळून राहावीत. हेतू सोन्यासारखा. पण इतवाऱ्याची ती गल्ली आधीपासूनच मिसळलेली होती. निंबा सुतार समोर, आणि सोजरबाईच्या भिंतीला भिंत लागून राबिया मोमीनचं घर. राबियाकडे दिवसभर माग चालायचा आणि सोजरबाईच्या मांडणीवरची भांडी थरथरायची. शुक्रवारी माग बंद असला की सोजरबाईला घर सुनं वाटायचं. सून मोनाली बाळंतपणात अडली तेव्हा राबियाच माग तसाच सोडून रिक्षात बसली होती. दवाखान्यात ओट्यावर दोघी एकीला एक टेकून बसल्या, बाळ रडल्याचं ऐकू आलं तेव्हा दोघींनी आपापल्या देवाचे आभार मानले.

चिठ्ठीत राबियाला तिसरा मजला आला. माग काही जिना चढत नाही, आणि राहत्या इमारतीत माग लावायची परवानगीही नव्हती. मुलांचं पोट मागावर. राबियाने किल्ली परत केली आणि तापीपलीकडे जैनाबादला पत्र्याची शेड भाड्याने घेतली. जाताना म्हणाली, "सोजर, नदी ही तो है बीच में. कौनसा समंदर है."

समुद्र नव्हता, पण रोज कोण नदी ओलांडतं?

नव्या घरात सोजरबाईला सगळं होतं आणि करमत नव्हतं. दुपारी ती दार उघडं टाकून बसायची. समोरचं दार बंद असायचं.

निशाताई वसाहत कशी चाललीय ते पाहायला आल्या, तेव्हा सोजरबाईने त्यांना आत बोलावून चहा दिला.

"ताई, घर चांगलं बांधलं तुम्ही. पण माझी राबिया यात मावली नाही हो."

सगळं ऐकून निशाताईंनी कप खाली ठेवला. "पहिल्या नकाशात मी मागांसाठी शेड काढली होती, आजी. तिकडे कडेच्या मोकळ्या जागेवर. राहत्या वस्तीत कारखाना नको म्हणून ती वगळली गेली. मी भांडले, पण एकटी पडले. इथले लोकच म्हणाले की आम्हाला चालेल, तर पुन्हा मांडता येईल."

"मग लोकांना मीच विचारते," सोजरबाई म्हणाली.

गुडघे कुरकुरत होते तरी ती जिने चढली. कुणी लगेच हो म्हटलं, कुणी दारातूनच वाटेला लावलं. पेपर मिलमधून निवृत्त झालेले पांडुरंगराव तर हातच जोडून उभे राहिले. "सोजरबाई, जन्म मशीनच्या आवाजात गेला. आता कानाला विसावा पाहिजे."

"तुमच्या मिल कॉलनीत शेजार कसा होता, भाऊ?"

आतून त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई बाहेर आल्या. "बिहारचे होते, बंगालचे होते. छठच्या सणाचे गोड ठेकुए करायला मी तिथेच शिकले," त्या म्हणाल्या आणि नवऱ्याकडे पाहत राहिल्या. शेवटी दुपारी माग बंद ठेवायचे, या अटीवर पांडुरंगराव कबूल झाले. उलट वसाहतीच्या बैठकीत शेडच्या बाजूने तेच सगळ्यांत मोठ्याने बोलले.

वर्ष गेलं, पण शेड मंजूर झाली, आणि राबियाने परत केलेलं घर अजून रिकामंच होतं. त्याच दिवशी सोजरबाईने जीवनला गाडी काढायला लावली.

जैनाबादला राबिया आपल्या पत्र्याच्या शेडबाहेर सूत वाळत घालत होती. सोजरबाईला पाहून तिने ओले हात तसेच तिच्या गालांना लावले. बातमी ऐकल्यावर मात्र ती खाली बसली.

"मेरे वास्ते इतने घर घूमी तू?"

"मग? चल आता. सामान बांध."

राबियाने शेडकडे पाहिलं. मुलांनी कर्ज काढून दुसरा माग घेतला होता. नातवंडं इथल्या शाळेत रमली होती. शेजारची बाई चुलीवरून भाकरी उतरवता उतरवता तिलाच काहीतरी विचारत होती. "एक बार उखडी मैं, सोजर. बड़ी मुश्किल से यहाँ लगी हूँ. अब फिर से..."

सोजरबाईला राग आला, मग रागाची लाज वाटली. "नको येऊ," ती म्हणाली. "पण जेवायला वाढ."

वसाहतीतली शेड बांधून झाली, तिथे दुसऱ्या विणकर कुटुंबांचे माग लागले. उद्घाटनाला निशाताईंनी सोजरबाईला पुढे बसवलं, पेढा भरवला. सलमा नावाची एक तरुण विणकरीण कडेवर बाळ घेऊन तिच्या पाया पडली. सोजरबाईने बाळाच्या डोक्यावरून हात फिरवला. वसाहत भरल्यासारखी दिसत होती, आणि तिला खरंच बरं वाटत होतं. तरी लोक टाळ्या वाजवत होते तेव्हा ती उठून जीवनजवळ गेली.

"उद्या जैनाबादला सोडशील का रे?"

"परवाच तर गेलो होतो, माय."

"हो रे. पण हे सगळं तिला सांगायचं राहिलं ना."

जीवन हसला नाही. "सकाळी निघू," तो म्हणाला.