पुकारा

"आता पाहा ताई, खालचं बटन दिसून राह्यलं का?"

टेबलाखालून मान बाहेर काढत, संगणक दुरुस्तीला आलेल्या कपिलनं विचारलं. त्याच्या केसांना सरकीचा बारीक कापूस चिकटला होता. सरकारी कापूस खरेदी केंद्राच्या त्या खोलीत कुठेही हात लावला तरी कापूस निघायचा.

कुंदाताईंनी खुर्ची पुढे ओढली. बटण दिसत होतं. आर्णीच्या या केंद्रावरचा जुना, जाडजूड मॉनिटर विजेच्या झटक्यात गेला आणि मुख्य कार्यालयानं हा नवा चपटा पाठवला, तेव्हापासून चित्र काचेत मावतच नव्हतं. नोंदीच्या चौकटीचा खालचा भाग काचेखाली कुठेतरी राहायचा, आणि नोंद जतन करायचं बटण नेमकं तिथेच. आठवडाभर कुंदाताई अंदाजानं कळ दाबत काम रेटत होत्या.

"झालं काय होतं?" त्यांनी विचारलं.

"आपल्या मशीनवर थे फुकटवालं लिनक्स हाये ना ताई. लायसनचा खर्च नाई म्हणून हापिसानं थेच टाकून देलं. आता हा नवा मॉनिटर त्याले आपली वळखच सांगून नाई राह्यला. मंग मशीन भेत भेत सगळ्यात लहान माप धरून चालते. म्या मांगच्या चिठ्ठीवरचं माप पाह्यलं अन् फाइलीत हातानं लिहून देलं."

त्यानं काळ्या पडद्यावर आणखी काही ओळी टाइप केल्या आणि मशीन पुन्हा चालू केलं. चित्र उमटलं. स्वच्छ, रेखीव. दारात उभे असलेले केंद्रप्रमुख शंकरसिंग राठोड म्हणाले, "वा. सिनेमावाणी दिसते."

कुंदाताई बघत राहिल्या. "उजवीकडे अजून कापलेलं वाटतंय रे. आणि कडेला जरा काळं आहे."

कपिलनं वाकून पाहिलं. मॉनिटरखालचं बटण दाबून त्यानं चित्र थोडं डावीकडे घेतलं, पुन्हा उजवीकडे घेतलं. "मले तं पुरं दिसते, ताई."

शंकरसिंगांनाही पुरं दिसत होतं. दोघं आपल्याकडे बघताहेत हे कुंदाताईंना जाणवलं. "हो, आता ठीक आहे," त्या म्हणाल्या.

कुंदाताईंची सगळी नोकरी केंद्रांवरच गेली. मराठी टाइपरायटरवर सुरुवात झाली आणि मग संगणक आला. यवतमाळहून रोज एसटीनं अपडाउन. घरी पती मधुसूदन, शाळेतून निवृत्त झालेले. मुलगी आभा लग्न होऊन पुण्यात. पण आवारात त्यांची ओळख होती ती आवाजानं. ज्याची पाळी येईल त्याचं नाव पडद्यावर वाचायचं, माइकवर पुकारायचं, आणि त्या नावापुढे 'पुकारलं' अशी खूण करायची. खूण झाली की नाव खाली सरकून जायचं. कर्णा आवाराच्या फाटकावर होता. रस्त्यापर्यंत लागलेल्या बैलगाड्या, ट्रॅक्टर, चहाच्या टपरीवर बसलेली माणसं, सगळी त्या आवाजाकडे कान लावून असत. त्या नाव सावकाश घेत, बापाच्या नावासकट, गावासकट. एकदा घेतलं की पुन्हा एकदा घेत.

त्या वर्षी रांग संपतच नव्हती. व्यापारी भाव पाडून मागत होते, म्हणून जो तो केंद्रावर येई. जिल्ह्याचं नाव रोज पेपरात छापून येत होतं, आणि ते कशासाठी येतं हे आवारात कुणी बोलत नसे. दोन रात्री गाडीखाली झोपून तिसऱ्या दिवशी पाळी लागली तरी माणसं समाधान मानत.

मॉनिटर दुरुस्त झाला आणि कुंदाताईंचं काम अवघडच होत गेलं. बाण पडद्यावर हरवायचा. ओळ वाचता वाचता दुसऱ्याच ओळीवर त्या पोचायच्या. दुपारपर्यंत कपाळ ठणकायचं. घरी त्यांचा खांदा दोनदा दाराच्या चौकटीवर आपटला, तेव्हा मधुसूदन म्हणाले, "थकलीस तू. रजा घे." त्यांनाही तसंच वाटलं. ते हंगामाचे दिवस होते, रजा कुठली.

एके दिवशी दुपारी खिडकीशी एक म्हातारा येऊन उभा राहिला. अंगात बंडी, खांद्यावर दुपट्टा.

"बाई, माहा नंबर कवा लागन? माह्या मांगचे खाली करून गेले."

"नाव काय?"

"नानाजी ढोके."

कुंदाताईंनी नाव टाकून शोधलं. नाव सापडलं, पुढे खूणही होती. "काका, तुम्हाला सकाळीच पुकारलंय. तुम्ही आला नाहीत."

"नाई जी. मी गाडीपाशीच होतो. तुमचा आवाज आयकून राह्यलो होतो. माहं नाव नाई आलं."

शंकरसिंग आतून आले. त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं. "हे पाहा बावा, मशीनमंधी लिहून हाये. पुकारलं म्हणून. डोळा लागला असन तुमचा."

"नाई लागला."

"मशीन कायले खोटं बोलन? आता मांगून नंबर लावा. नियमच हाये."

म्हाताऱ्यामागे एक तरुण शेतकरी उभा होता. त्याचा मुलगा, घनश्याम. तो शंकरसिंगांशी बोलला नाही. बापाकडे बघून म्हणाला, "तुमाले एक काम सांगतलं होतं, बाबा. इतकं एक काम."

नानाजींनी पुन्हा खिडकीतून कुंदाताईंकडे पाहिलं. "बाई, तुमी घेतलं होतं नाव?"

"घेतलं होतं, काका," कुंदाताई म्हणाल्या. खूण समोर दिसत होती. त्यांनाही तसंच वाटत होतं.

त्याच संध्याकाळी ढग आले. एरवी त्या दिवसांत पाऊस नसतो, त्या दिवशी आला. रांगेच्या टोकाला असलेल्या गाड्यांवर ताडपत्र्या पुरल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरनं ढोक्यांच्या गाडीत कोपरापर्यंत हात घातला, मूठभर कापूस काढून दाबला आणि मान हलवली. ओला कापूस केंद्र घेत नसे. बाप-लेकांनी गाडी वळवली. कुंदाताईंनी ती फाटकातून जाताना पाहिली आणि पुढचं नाव पुकारलं.

पंधरवड्यानं कपिल दुसऱ्या कामासाठी आला, तेव्हा त्यांनी त्याला पुन्हा बसवलं. "रिझोल्युशन बरोबर नाही रे. कडा खाऊन टाकतंय. मला चुकल्यासारखं होतं."

कपिल कंटाळला नाही. त्यानं सगळी मापं पुन्हा तपासली. मग म्हणाला, "अक्षरं मोठी करून पाहू." त्यानं माप उतरवलं, अक्षरं बोराएवढी झाली. कुंदाताईंना उलट अडचण झाली. आता एक नावही एका नजरेत मावेना. त्यानं परत पहिल्यासारखं केलं.

"ताई, तुमी रोज वाचता तसं वाचा. मी फक्त पाह्यतो."

त्या माइक बंद ठेवून वाचू लागल्या. एक नाव, खूण. दुसरं नाव, खूण. कपिल मागे उभा होता.

"थांबा ताई. मधातलं एक राह्यलं."

"कुठलं?"

"तुमी रामधनचं नाव घेतलं, अन् खूण त्याच्या वरच्यापुढं केली. वरच्याचं नाव घेतलंच नाई."

कुंदाताईंनी मान थोडी वळवली. तेव्हा ते नाव दिसलं. इतका वेळ ते नव्हतंच. पुसट नव्हतं, अंधूक नव्हतं. नव्हतंच.

कपिलनं पडदा पूर्ण पांढरा केला आणि त्यावर काळा ठिपका ठेवला. "एकदम मधात पाहा. ठिपका गेला की सांगजा." तो ठिपका उजवीकडे सरकवू लागला.

"गेला," त्या म्हणाल्या.

त्यानं हात थांबवला. ठिपका अजून पडद्याच्या मध्याजवळच होता. त्यानं तो खाली नेला, डावीकडे नेला. दर वेळी त्या लवकर 'गेला' म्हणत होत्या, आणि दर वेळी विचारताना कपिलचा आवाज बारीक होत होता.

"ताई," शेवटी तो म्हणाला, "मॉनिटरले काई नाई झालं."

यवतमाळच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. दोन्ही डोळे. थेंब टाकून उरलेलं टिकवायचा प्रयत्न करता येईल, गेलेलं परत येणार नाही. मधुसूदननी विचारलं, "ऑपरेशननं?" डॉक्टर म्हणाले, त्यानंही नाही, आणि उरलेलं किती टिकेल तेही सांगता येणार नाही. बाहेर आल्यावर मधुसूदन औषधाच्या दुकानात उभे राहिले. कुंदाताई पायरीवर बसल्या. डोळ्यांचं त्यांच्या मनात नव्हतंच. 'घेतलं होतं, काका' हे त्यांना पुन्हा पुन्हा ऐकू येत होतं.

केंद्रावर जाऊन त्यांनी शंकरसिंगांना सगळं सांगितलं. "ढोकेकाकांचं नाव मी पुकारलंच नव्हतं. मुख्य कार्यालयातल्या साहेबांना मी तसं कळवते. काकांच्या घरीही जाऊन येते."

शंकरसिंगांनी हातातला पेपरवेट बाजूला ठेवला. "कळवून काय होईन, ताई? थो कापूस आता कुटं हाये? अन् पुढच्या सालापासून हे केंद्रच बंद करून राह्यले, तुमाले माईत नाई का?" मग म्हणाले, "कायले जाता त्याच्या घरी? जुनं झालं."

त्या गेल्या. काळी-पिवळी जीपनं ढोक्यांच्या गावच्या फाट्यापर्यंत, तिथून पायी. मधुसूदन येतो म्हणाले होते, पण त्यांनी नको म्हटलं. पायाखालचं पाहायला मान पूर्ण खाली घालावी लागत होती, म्हणून चालायला वेळ लागला.

नानाजी ओट्यावर बाजेवर बसले होते. घनश्याम अंगणात कपाशीच्या वाळल्या पऱ्हाटीच्या मोळ्या बांधत होता. म्हाताऱ्यानं त्यांना चेहऱ्यानं ओळखलं नाही. त्या बोलल्या तेव्हा ओळखलं.

"तुमी खरेदीवाल्या बाई."

"हो. काका, त्या दिवशी मी तुमचं नाव घेतलं नव्हतं. माझ्या डोळ्यांतून सुटलं. आणि मी घेतलं म्हणून सांगितलं."

नानाजी बाजेवर सरळ होऊन बसले. मग म्हणाले, "म्हंजे मी झोपलो नोयतो."

"नव्हता झोपलात."

"मले बी तसंच वाटे. मंग मंग वाटाले लागलं का, लागला असन डोळा." त्यांनी अंगणाकडे मान केली. "आयकलं का रे?"

घनश्याम मोळी बांधत राहिला. गाठ आवळून झाल्यावर तो उभा राहिला. "आयकलं. आता काय करू, बाई? गावभर म्याच सांगतलं का बुढा झोपला म्हणून. त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. आता कोणाकोणाले सांगत फिरू?"

उत्तराची त्यानं वाट पाहिली नाही. दुसरी मोळी ओढून घेतली.

"उन्हाच्या आल्या त्या," नानाजी म्हणाले. "पानी आन."

घनश्याम आत गेला. बाहेर येऊन त्यानं पेला कुंदाताईंच्या उजव्या हाताशी धरला. त्या समोर म्हाताऱ्याकडे बघत होत्या. तो तसाच धरून उभा राहिला. "घ्या ना," तो जरा रागानंच म्हणाला. त्यांनी आवाजाच्या दिशेनं हात केला तो पेल्याच्या अलीकडून गेला आणि नुसता हवेत फिरला.

नानाजी बाजेवरून उठले. त्यांनी मुलाच्या हातातून पेला घेतला, कुंदाताईंचा हात धरला, त्यांची बोटं एकेक करून पेल्याभोवती बसवली आणि त्या पाणी पिईपर्यंत खालून आपला तळवा लावून ठेवला.